देव पाण्यात असताना

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सकाळची वेळ. स्थळ नगरमधल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर. हजर: मी, माझा नवरा, कामावर जायचे कपडे घालून न गेलेला, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कोल्हारहून पहिल्या एसटीने आलेल्या, आणि आमची आठ वर्षांची मुलगी, जिच्या डोळ्यांच्या जागी सुजेमुळे दोन बारीक फटी उरल्या होत्या. शिवाय स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेले: एक गणपती, एक बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंकराची पिंड, आणि खंडोबाचा नि देवीचा असे चांदीचे दोन टाक. यांना हजर धरायचं की गैरहजर, याबद्दल माझं आणि आत्यांचं त्या सकाळपासूनच एकमत नव्हतं.

देव बरोबर आणायला कारण होतं. कोल्हारच्या घरात आत्या एकट्याच असतात. शेत वाट्याने दिलेलं आहे, म्हैस शेजारणीकडे सोडता येते, पण देव कोणाच्या हवाली करत नाहीत. "म्हशीला कुनीबी पानी दाखवील," त्या म्हणाल्या, "देवाला आंघोळ कोन घालील?" म्हणून घराला कुलूप आणि देव डब्यात. आमच्याकडेही देवघर आहे. त्यात दोन तसबिरी आणि लग्नात भेट आलेला एक गणपती आहे. आत्यांच्या मते ते देवघर नाही, शोकेस आहे.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट-बोल्टपासून ग्रीसच्या डब्यांपर्यंत काय आलं, काय गेलं, काय यायचं राहिलं हे बघणं माझं काम. घरातही माझं तेच चालतं. फ्रिजवर यादी असते, काम झालं की त्यावर रेघ. त्या गुरुवारच्या यादीत गोळ्या, वजनकाटा, लघवी तपासायच्या पट्ट्या, बिनमिठाचा स्वयंपाक आणि शाळेत कळवणे एवढं होतं. देवाचं काही नव्हतं. ते खातं आत्यांनी कोणाला न विचारता स्वतःकडे घेतलं.

मुलीच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी नीट समजावून सांगितलं होतं. मूत्रपिंड म्हणजे चाळणी, आणि हिची चाळणी सैल झाली होती. रक्तातलं जे राहायला हवं ते लघवीवाटे जात होतं आणि जे पाणी जायला हवं ते अंगात साचत होतं. त्यामुळे डोळे, पोट, पाय सगळं सुजलेलं. बराच काळ स्टेरॉइडच्या गोळ्या. रोज सकाळी वजन, रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची. पट्टी पिवळी राहिली तर चांगलं, हिरवी झाली तर वाईट. सूज उतरेपर्यंत मीठ बंद आणि पाणी मोजून.

"बहुतेक मुलं या गोळ्यांना दाद देतात," डॉक्टर म्हणाले.

'बहुतेक' हा शब्द मी स्टोअरमध्ये कोणाला वापरू देत नाही. 'बहुतेक माल आलाय' असं कोणी म्हणालं की मी त्याला पुन्हा मोजायला पाठवते. इथे कोणाला पाठवणार होते?

आत्यांनी चहासुद्धा न घेता विचारलं, "तांब्याचं घंगाळं हाय का?"

घंगाळं नव्हतं. शेवटी पुरणाचं मोठं पातेलं निघालं. त्यांनी ते चिंचेने घासलं, पाणी भरलं, डबा उघडला आणि एकेक देव पाण्यात ठेवला. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड, दोन्ही टाक. मग आमच्या शोकेसमधला गणपतीही घेतला, तो पितळेचा होता म्हणून. तसबिरींना लॅमिनेशन असूनही सूट मिळाली. मग पदर दोन्ही हातांनी पुढे धरून त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या. पातेल्यावर ताट झाकलं. झालं.

देव पाण्यात घालणं मी तोपर्यंत फक्त निवडणुकीच्या बातम्यांत वाचलं होतं. अमुक उमेदवार देव पाण्यात घालून बसले आहेत, वगैरे. प्रत्यक्षात कोणी घालताना पहिल्यांदा बघत होते. नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईचा नवस आहे. काम होईपर्यंत देव पाण्यातून काढायचे नाहीत. तू काही बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलतेय? पातेलं पुरणाचं आहे एवढंच."

बोलली ती मुलगी. खुर्चीवर बसून ती सगळं त्या फटींमधून बघत होती. आदल्या दिवसापासून तिला पाणी मोजून मिळत होतं. छोट्या पेल्यात, आणि तेही गोळीबरोबर आणि जेवणाबरोबर वाटून. थंडी असूनही तिचे ओठ कोरडे पडले होते.

"मम्मी, देवांना पातेलंभर पाणी आणि मला पेला?"

आत्यांनी पातेल्यावरचं ताट उगाच सरळ केलं.

*

मला राग आला होता. तो डॉक्टरांवर नव्हता, ते त्यांचं काम करत होते. नवऱ्यावर थोडा होता, पण तो नेहमीचाच. खरा राग देवावर होता. आणि मी काही नास्तिक नव्हते, म्हणजे 'ही मला मानतच नाही' असं म्हणून देवाला मागे सरकायलाही जागा नव्हती. रोज दिवा लावणारी, गुरुवारी शिर्डीला जमलं तर जाणारी, संकष्टी धरणारी मी बाई. व्यवहार दोन्ही बाजूंनी ठीक चालला होता.

कामावर एखादा पुरवठादार अनेक वर्षं बरा वागून अचानक नासका माल पाठवतो. तेव्हा मी आधी फोन करते, मग पत्र टाकते, आणि तरी ऐकलं नाही तर त्याच्या वरच्यांकडे जाते. देवाच्या बाबतीत फोन लागत नाही, पत्राला उत्तर येत नाही, आणि त्याच्या वर कोणी नाही. इतकी वर्षं हा माणूस आपला एकमेव पुरवठादार कसा राहिला, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा खटकलं.

त्यात भेटायला येणारे. शेजारच्या काकू डाळिंबं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, देव ज्याच्यावर माया करतो त्याचीच परीक्षा बघतो."

"काकू, मग आमच्यावरची थोडी कमी केली तरी चालेल."

"असं बोलू नये गं!"

"आणि परीक्षा माझी असेल तर पेपर पोरीला का दिलाय?"

काकू पिशवी ठेवून निघाल्या. डाळिंबं मात्र चांगली होती. आत्या आतून म्हणाल्या, "आल्यागेल्याला असं फाडून खाऊ नये, बाई. फळं तरी घेऊन येत्यात."

मी दिवा लावणं बंद केलं. जाहीर केलं नाही, नुसतं बंद केलं. यादीतून एक काम कमी झालं. आत्यांनी ते दुसऱ्याच संध्याकाळी ओळखलं आणि काही न बोलता स्वतः लावायला लागल्या. पातेल्यातलं पाणीही त्याच रोज बदलायच्या. पोरीला गोष्टी सांगायच्या, तिचे पाय उशीवर वर ठेवायच्या, बिनमिठाची भाजी तिच्याबरोबर स्वतःही खायच्या आणि "लई झ्याक" म्हणायच्या. एवढं खोटं त्या आयुष्यात दुसरीकडे कुठे बोलल्या नसतील.

*

गोळ्या सुरू होऊन आठवडा होत आला तरी वजन उतरेना. पट्टी रोज हिरवी. डॉक्टरांनी माझा तक्ता बघितला. काय खाल्लं, काय प्यायली, लघवी किती झाली, सगळं त्यात होतं. त्यांनी मान हलवली.

"तक्ता छान आहे. पण कुठून तरी पाणी जास्त जातंय."

"शक्यच नाही. पेला माझ्या हाताने भरते."

"तुम्ही कामावर असता तेव्हा?"

ते मला लागलं. कामावर जाताना मी पेला भरून, झाकून, वर चिठ्ठी लावून जात असे. घरी आल्यावर मी चौकशी सुरू केली. पहिला संशय नवऱ्यावर, कारण तो मऊ माणूस आहे.

"दिलंस का तू तिला पाणी?"

"आईशप्पथ नाही."

"दूध?"

"तुझ्या मापाने."

"उसाचा रस?"

"आता थंडीत उसाचा रस कुठून आणू?"

मग मुलीला विचारलं. तिने सरळ माझ्याकडे बघून सांगितलं, "मी पाणी नाही प्यायले, मम्मी." आणि ते तिच्या दृष्टीने खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी अचानक घरी आले. स्वयंपाकघराच्या दारातूनच दिसलं. आत्यांनी पातेल्यावरचं ताट उचललं, वाटी बुडवली आणि भरलेली वाटी मुलीच्या ओंजळीत दिली. मुलीने ती कपाळाला लावली, डोळे मिटले आणि एका दमात रिकामी केली. मग वाटी पुढे केली.

"आज्जी, अजून थोडं तीर्थ."

"घे माझी बाय."

माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने आत्यांच्या हातातली वाटी पातेल्यात पडली.

"आत्या! हे काय चाललंय?"

"काय म्हंजी? तीर्थ देतीया."

"वाटीभर?"

"आता तीर्थाला काय माप असतं व्हय?"

"पाणी आहे ते! तिला पाणी मोजून द्यायचंय, रोज सांगतेय मी!"

"पानी म्या एक थेंब दिलं न्हाई," आत्या ठामपणे म्हणाल्या. "पोरगी लई रडली तरी दिलं न्हाई. इचार तिला. तीर्थ येगळं, पानी येगळं."

"दिवसातून किती वेळा?"

"ती मागंल तवा. पोरीला देवाचं वेड लागलं हाय. दर घटकंला म्हनती, आज्जी तीर्थ. म्या म्हनलं, बरं हाय, आजारपनात का हुईना पोर देवाला लागली."

मी मुलीकडे बघितलं. ती खाली बघत होती. सुजलेल्या चेहऱ्यावरही लाज ओळखू येते. पाणी मागितलं तर आज्जी नाही म्हणते आणि तीर्थ मागितलं तर आज्जीला नाही म्हणताच येत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी शोधून काढलं होतं. माझ्या सगळ्या तक्त्यात, झाकलेल्या पेल्यात आणि चिठ्ठ्यांमध्ये एवढी एकच फट होती आणि ती नेमकी देवाने ठेवली होती. निदान मला तेव्हा तसंच वाटलं.

मी पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सिंककडे निघाले. काय करणार होते ते मला ठाऊक होतं. पाणी ओतायचं आणि ते सगळे पितळी, चांदीचे देव पिशवीत भरून आत्यांच्या हातात द्यायचे. तोंडही चालू होतं. देवा, तू बरं करत नाहीस ते नाहीस, वर आडवा येतोस. एवढंच करायचं तुझ्याच्याने होत नाही, की निदान बाजूला बसावं? शब्द याहून वाईट होते. ते इथे लिहीत नाही, कारण आत्यांना वाचता येतं.

आत्या दाराशी उभ्या राहिल्या. अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ओतायचं तर ओत. पर पोरीसमोर नको."

आणि मुलगी म्हणाली, "मम्मी, त्यांना नको ओरडू. मीच मागत होते."

पातेलं जड होतं. मी ते ओट्यावर ठेवलं. मग तिघी स्वयंपाकघरात बसून रडलो. सगळ्यात आधी आत्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "चमचाभर चालंल का?"

त्या दिवसापासून तक्त्यात 'तीर्थ' असा एक रकाना वाढला. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा, तोही उकळून गार केलेल्या पाण्याचा. आत्यांना हे काही पटलं नाही. "आता देवाला बी डाक्टरचं पथ्य," असं रोज पुटपुटत त्या पाणी उकळायच्या. पुढच्या वेळी डॉक्टरांचं बोट त्या रकान्यावर थांबलं.

"हे काय?"

"तीर्थ. चमच्याने मोजून."

"पंचामृत नाही ना? मीठ वगैरे?"

"नाही."

"मग चालेल," म्हणून त्यांनी बेरजेत धरलं.

*

तीर्थ मापात आलं म्हणा, गोळ्या लागू पडल्या म्हणा, वजन उतरायला लागलं. आधी पाय, मग पोट, मग डोळे. एका सकाळी पट्टी फिकट हिरवी आली, नंतर पिवळी. पिवळी पट्टी ओळीने तीन दिवस आली की पहिला टप्पा जिंकला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी नवरा ती पट्टी खिडकीशी नेऊन, उलटीपालटी करून इतका वेळ बघत होता की मला शेवटी ती हातातून काढून घ्यावी लागली.

आत्यांनी अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसलं आणि पातेल्याजवळ आल्या. "चला, काढू देवाला."

"नाही," मी म्हणाले.

"न्हाई म्हंजी?"

"काम झालेलं नाही."

"सूज उतरली की."

"सूज उतरली. आजार गेला नाही. डॉक्टर म्हणतात सर्दी-तापाबरोबर पुन्हा येऊ शकतो. मोठी होईपर्यंत सांगता येत नाही."

"मोठी हुस्तोवर? तवर देव पान्यात?"

"कामाची बोली तशी आहे. अर्धा माल आला म्हणून मी पावतीवर सही करत नाही."

आत्या खाली बसल्या. त्यांचा चेहरा बघून मला थोडं बरंही वाटलं, हे कबूल करते. "म्या बोलले हुते ते सूज उतरंस्तोवर," त्या म्हणाल्या. "माझं काम झालं. आता ह्यो तुझा नवस. देवाला असं कोंडून ठेवत्यात व्हय?"

"घातले कोणी?"

"घातले म्या. अडवतीस तू."

त्याच आठवड्यात कालव्याचं आवर्तन सुटलं. गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे वाटेकऱ्याच्या डोक्यावर आत्या उभ्या हव्यात, नाहीतर पाणी शेजारच्या रानात जातं. त्यांना जावं लागलं. नवसातले देव अर्ध्यात हलवत नाहीत म्हणून रिकामा डबा घेऊन गेल्या. जाताना मला बजावलं, "पानी रोज बदल. राग असंल तर असू दे, पर पानी बदल."

आता देव माझ्या ताब्यात होते. रोज सकाळी आधी मुलीचं वजन, मग पट्टी, मग पातेलं. पाणी बदलताना मी त्यांच्याशी बोलायचे. म्हणजे भांडायचेच. कालची पट्टी कशी होती, आजची कशी आहे, शाळेतल्या सर्दीचा बंदोबस्त कोण करणार, वर्गात एक मूल शिंकतं ते तुम्हाला दिसत नाही का. आजाराआधी मी देवाशी वर्षातून जेवढं बोलायचे तेवढं आता एका सकाळीच व्हायचं. काकूंनी एकदा दारातून बघितलं आणि मजल्यावर सगळ्यांना सांगितलं, "किती मनापासून करते हो देवाचं!"

त्याच काकूंनी मुलीचे गाल धरले. गोळ्यांनी ते टम्म झाले होते आणि भूक तर अशी की ती जेवून उठतानाच पुढच्या जेवणाला काय, असं विचारायची.

"काय बाळसं धरलंय पोरीनं! कोणतं टॉनिक देतेस गं? माझ्या नातवाला लागू पडेल."

"देऊ नका, काकू," मुलगी म्हणाली. "कडू असतं."

*

संक्रांतीनंतर तिला सर्दी झाली. साधीच, नाक वाहण्याएवढी. दुसऱ्या सकाळी पट्टी हिरवट आली.

मी तक्त्यात नोंद केली. डॉक्टरांना फोन केला. घाई करू नका, काही वेळा सर्दीबरोबर जरा दिसतं आणि आपोआप जातं, रोज बघत राहा, असं ते म्हणाले. मी डबे भरले, मुलीला घरी ठेवलं, नवऱ्याला रजा घ्यायला लावली आणि कामावर गेले. स्टोअरच्या मागच्या रॅकमध्ये, जिथे यंत्रांचे जुने पट्टे ठेवतो, तिथे जाऊन मी भिंतीला टेकले. त्या सकाळी मी पाणी बदललं नव्हतं. मुद्दाम. बसा त्याच पाण्यात, असं म्हणून निघाले होते. आणि कामावर येईपर्यंत मला भीती वाटायला लागली होती की आता याचाच दंड पोरीला होईल. जो ऐकतच नाही असं मी दीड महिना ओरडून सांगत होते, तो हे बरोबर ऐकेल, याची मला खात्री होती.

मी कोल्हारला फोन लावला.

"आत्या, पट्टी परत हिरवी आली."

पलीकडे मोटारीचा आवाज येत होता. मग तो लांब गेला. त्या चालत बांधापर्यंत गेल्या असाव्यात.

"किती हिरवी?"

"थोडी."

"ताप?"

"नाही."

"बरं."

"आत्या, मी आज पाणी बदललं नाही. रागाने."

मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "मग? म्या काय पिरमानं घातलं हुतं व्हय देवाला पान्यात? रागानंच घातलं. देवाला बुडवून ठेवायचं म्हंजी काय पूजा असती? त्याला बी गुदमरू दे जरा, म्हनून घालत्यात."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला तो भक्तीचा प्रकार वाटत होता.

"ह्याच्या आधी येकदा घातले हुते," त्या पुढे म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या वरची माझी पोरगी. तीन वर्सांची. तिला बी अशीच सूज आलती. तवा कुठलं डाक्टर न् कुठली पट्टी."

माझ्या नवऱ्याला बहीण होती हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं. त्यालाही फक्त 'एक होती' एवढंच माहीत होतं, हे मला नंतर कळलं.

"मग?"

"मग काय. गेली."

"आणि देव?"

"पान्यातच. म्या काढंना. सासू म्हनली काढ, ह्यांनी म्हनलं काढ. म्या म्हनलं राहू द्या त्याला तिथंच, माझं काम केलं न्हाई त्यानं. लई दिस ठेवले. शेवाळ धरलं."

"मग काढले कधी?"

"तुझा नवरा पोटात राहिला तवा. आता पोटातल्याचं मागनं कुनाकडं मागायचं? दुसरा हाय का कोन? काढले, घासले, ठेवले जागेवर. राग काय गेला न्हवता. अजून बी हाय. पर राग हाय म्हनून कुनी त्याला घराभाईर काढत न्हाई." मग एकदम, "आन् तू कामावर उभी राहून काय रडतीस? पोरीजवळ जा. वाफ दे तिला. पट्टी उद्या बघ."

मी घरी आले आणि वाफ दिली. पातेल्यातलं पाणीही बदललं. त्या दिवशी देवांशी काही बोलले नाही.

सर्दी गेली आणि पट्टीही हळूहळू पिवळी झाली. गोळ्या वाढवाव्या लागल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले तसंच झालं. देवाने केलं, औषधाने केलं की आपोआप झालं, ते वेगळं काढून दाखवायची सोय नाही. स्टोअरमध्ये मी असा माल कोणाच्याच नावावर घेतला नसता.

पुढच्या रविवारी मी पातेल्यावरचं ताट उचललं तेव्हा अन्नपूर्णेच्या पळीला हिरवं लागलेलं दिसलं. मोठी होईपर्यंत सांगता येत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य होतं. तेवढी वर्षं कोणाला पाण्यात ठेवायचं म्हणजे शेवटी तिथे देव राहणार नाही, शेवाळ राहील. मी मुलीला हाक मारली. तिने एकेक देव काढला, मी चिंचेने घासला, तिने तिच्या स्वतःच्या टॉवेलने पुसला. खंडोबाच्या टाकाला तिने विचारलं, "थंडी वाजली का रे?" आणि मग ती पाणी प्यायली, भरलेला ग्लास, कारण सूज नसताना पाणी मोजायचं नसतं. मी तो रिकामा होईपर्यंत उभी राहिले.

मी हात जोडले नाहीत. अजून जोडलेले नाहीत. पण मुलीने देव ज्या ताटात मांडले ते ताट मी आमच्या देवघरात, तसबिरींच्या पुढे ठेवलं, आणि दिवा पुन्हा माझ्या यादीत आला.

आता गोळ्या दिवसाआड झाल्या आहेत, लवकरच बंद होतील. गाल उतरलेत. काकू म्हणतात, पोर वाळली. दर रविवारी कोल्हारहून फोन येतो.

"माझे देव कधी आनतीस?"

"आत्या, रस्त्याचं काम चालू आहे."

"ते काय माझ्या लगनापासनं चालू हाय. एसटीनं ये."

"शाळेला सुट्टी लागली की येते."

"सुट्टी लागंस्तोवर माझं देवघर मोकळंच का? तिथं म्या काय, भिंतीला दिवा लावू?"

त्यांचं बरोबर आहे. देव त्यांचे आहेत, नवस त्यांचा होता आणि काम निदान आजपुरतं झालं आहे. माझ्याकडे ठेवून घ्यायला एकही कारण नाही. तरी गोळ्या बंद होऊन थोडे दिवस जाईपर्यंत ते माझ्या नजरेसमोर असावेत असं मला वाटतं. याला श्रद्धा म्हणता येणार नाही. ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही त्याला मी नेहमी जवळच्या कप्प्यात ठेवते, म्हणजे लक्ष राहतं.

तेव्हा आजच्या तारखेला, रेघ न मारलेलं: देव कोल्हारला पोचवणे.